विमान रद्द झालं, रिफंड आला... पण हिशेब संपला का?

आमच्या स्टाफरूममध्ये गणिताचे एक सर आहेत. मागच्या वर्षी एका दुपारी, पाचव्या तासाला, त्यांना लखनऊहून फोन आला. मामूंचं निधन झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जनाजा ठरला. सरांनी तिथेच बसून मोबाईलवर संध्याकाळच्या विमानाचं तिकीट काढलं. ऐनवेळचं तिकीट, ९,१४० रुपये पडले. वाशीहून टॅक्सी करून ते मुंबई विमानतळावर पोहोचले आणि विमान सुटायला दीड तास असताना मेसेज आला, 'कामकाजाच्या कारणास्तव आपलं विमान रद्द करण्यात आलं आहे.' खाली एक लिंक. लिंकवर दोन बटणं. एक, दुसऱ्या दिवशीचं विमान घ्या. दोन, रिफंड घ्या.

दुसऱ्या दिवशीचं विमान दुपारचं होतं. तोपर्यंत दफनविधी उरकणार होता. सरांनी रिफंडचं बटण दाबलं आणि घरी परतले. चार दिवसांत ९,१४० रुपये खात्यात जमा झाले. सर म्हणाले, "चला, निदान पैसे तरी बुडाले नाहीत."

आम्ही विचारलं, "सर, भरपाई मागितली का?" सर म्हणाले, "पैसे आले ना परत!"

हीच गैरसमजूत दूर करण्यासाठी हा लेख. परतावा वेगळा आणि भरपाई वेगळी. मशीन पहिली गोष्ट आपोआप देतं, दुसरी मागितल्याशिवाय मिळत नाही. आता मोबाईलवर अशा सेवा निघाल्या आहेत ज्या सांगतात, 'फ्लाइट नंबर टाका, भरपाई आम्ही मिळवून देतो.' त्या आपल्या किती कामाच्या, कुठे फसायला होतं आणि आपल्याकडे सरळ रस्ता कोणता, ते आपण नीट समजून घेऊ.

आपल्या देशात नियम काय सांगतो

भारतात हे नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, ठरवतं. ते थोडक्यात असे आहेत.

विमान रद्द होणार असेल तर कंपनीने किमान दोन आठवडे आधी कळवावं आणि दुसरं विमान किंवा पूर्ण रिफंड द्यावा. दोन आठवड्यांपेक्षा कमी, पण सुटण्याच्या २४ तास आधीपर्यंत कळवलं तरी दुसरं विमान किंवा रिफंड, प्रवाशाला मान्य असेल ते. पण २४ तासांच्या आत कळवलं, किंवा कळवलंच नाही, तर प्रवाशाला मान्य असलेलं दुसरं विमान, नाहीतर पूर्ण रिफंड आणि त्याशिवाय रोख भरपाई द्यावी लागते. एकाच तिकिटावरचं जोडविमान कंपनीमुळे चुकलं, तरीही हेच.

भरपाई किती, हे प्रवासाच्या वेळेवर ठरतं. वेळापत्रकानुसार विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर थांबेपर्यंतचा हा वेळ, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात.

- १ तासापर्यंतचा प्रवास: ५,००० रुपये
- १ ते २ तासांचा प्रवास: ७,५०० रुपये
- २ तासांहून जास्त: १०,००० रुपये

पण इथे एक मेख आहे. ही रक्कम, किंवा तुमचं एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, या दोन्हींपैकी जी कमी असेल ती मिळते. तुमचं मूळ भाडं तीन हजार असेल तर दहा हजार मिळणार नाहीत, तीन हजारच मिळतील. सोशल मीडियावर 'विमान रद्द झालं की दहा हजार मिळतात' असे मेसेज फिरतात, ते अर्धवट आहेत.

तिकीट कन्फर्म असून, वेळेवर पोहोचूनही जागा नाही म्हणून विमानात घेतलं नाही, तर नियम जास्त कडक आहे. एका तासाच्या आत सुटणारं दुसरं विमान दिलं तर काही नाही. २४ तासांच्या आतलं दिलं तर मूळ भाड्याच्या दुप्पट अधिक इंधन शुल्क, जास्तीत जास्त १०,००० रुपये. त्याहून उशिराचं दिलं तर चौपट, जास्तीत जास्त २०,००० रुपये. दुसरं विमान नको असेल तर तिकिटाचे पूर्ण पैसे आणि वर चौपटीची ही भरपाई.

आता उशिराबद्दल. इथे बहुतेकांची निराशा होते. भारतातल्या नियमात नुसत्या उशिराला रोख भरपाई नाही. सोय मात्र आहे. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाचं विमान २ तास लेट झालं तर खाणंपिणं मोफत. देशांतर्गत विमान ६ तासांहून जास्त लेट होणार असेल तर सहा तासांच्या आतलं दुसरं विमान किंवा पूर्ण रिफंड, निवड तुमची. २४ तासांहून जास्त उशीर, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ दरम्यान सुटणारं विमान ६ तासांहून जास्त लेट, तर हॉटेल आणि तिथवर नेण्या-आणण्याची सोय कंपनीने करायची. आपल्यातले कितीतरी लोक बालबच्च्यांना घेऊन विमानतळाच्या फरशीवर रात्र काढतात, कारण काउंटरवर जाऊन हॉटेल मागायचं असतं हेच माहीत नसतं.

भरपाई कधी मिळत नाही? पूर, दंगल, राजकीय अस्थिरता, सरकारी आदेश, संप, खराब हवामान, एअर ट्रॅफिक कंट्रोलचा अडथळा अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणं असली तर. विमानातला तांत्रिक बिघाड किंवा वैमानिक कमी पडणं, ही कारणं त्या यादीत नावानिशी नाहीत. म्हणून कंपनीने कारण काय दिलं, हे जपून ठेवणं फार महत्त्वाचं.

डिसेंबर २०२५ने शिकवलेला धडा

डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात देशभरात काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबरपासून पूर्ण लागू झाले आणि इंडिगोचं वेळापत्रक कोसळलं. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. सरकारने ७ डिसेंबरच्या रात्री आठपर्यंत रिफंड पूर्ण करायला सांगितलं, आणि तोवर ६१० कोटी रुपयांचे रिफंड झाल्याचं सरकारने जाहीर केलं. पुढे कंपनीने ३ ते ५ डिसेंबरदरम्यान जास्त हाल झालेल्या प्रवाशांना १०,००० रुपयांचे ट्रॅव्हल व्हाउचर जाहीर केले, बारा महिन्यांच्या मुदतीचे. जानेवारी २०२६ मध्ये डीजीसीएने कंपनीला २२ कोटी २० लाखांचा दंड केला.

यात चार वेगवेगळे पैसे आहेत, ते एकमेकांत मिसळू नका. रिफंड म्हणजे तुमचेच पैसे परत. नियमातली भरपाई म्हणजे २४ तासांच्या आत रद्द केल्याबद्दलचे ५ ते १० हजारांपर्यंतचे. व्हाउचर म्हणजे कंपनीने वरून दिलेली कुपनं, रोकड नाही. आणि दंड? तो सरकारी तिजोरीत जातो, प्रवाशाच्या खिशात त्यातला एक पैसाही येत नाही. आमच्या ओळखीतल्या अनेकांनी टीव्हीवर दंडाची बातमी पाहिली आणि 'आता आपल्यालाही काहीतरी मिळेल' म्हणून वाट पाहत बसले. वाट पाहून मिळत नाही, मागावं लागतं.

आपोआप भरपाई मिळवून देणाऱ्या सेवा काय करतात

या सेवा युरोपात वाढल्या, कारण तिथला कायदाच तसा आहे. युरोपियन युनियनचा २००४ सालचा नियम, क्रमांक २६१, फेब्रुवारी २००५ पासून लागू झाला. त्यात अंतराप्रमाणे २५०, ४०० किंवा ६०० युरो अशी ठरलेली भरपाई आहे. २००९ मध्ये तिथल्या न्यायालयाने सांगितलं की मुक्कामी पोहोचायला तीन तास किंवा जास्त उशीर झाला तरी ती मिळेल. त्याआधी २००८ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं होतं की तांत्रिक बिघाड हे सहसा 'असाधारण कारण' होत नाही. ब्रिटनने बाहेर पडल्यावरही असाच नियम ठेवला, त्यात २२० ते ५२० पौंड आहेत.

रक्कम ठरलेली, अट मोजता येण्याजोगी. म्हणजे काम कॉम्प्युटरला देण्यासारखं. जर्मनीची फ्लाइटराइट, त्यानंतरची एअरहेल्प अशा कंपन्या यातून निघाल्या. तुम्ही फ्लाइट नंबर आणि तारीख टाकता. त्यांची यंत्रणा विमान प्रत्यक्ष किती वाजता उतरलं, अंतर किती, त्या दिवशी हवामान कसं होतं, हे आपल्याजवळच्या नोंदींशी ताडून पाहते आणि दावा बसतो की नाही ते लगेच सांगते. मग तुम्ही एका अधिकारपत्रावर बोटाने सही करता. पुढचा पत्रव्यवहार, वेळ पडल्यास कोर्ट, त्यांचं. जिंकले तर फी, हरले तर फुकट.

आता फीचं गणित. एअरहेल्पची फी साधारण ३५ टक्के, आणि प्रकरण वकिलांपर्यंत गेलं तर ५० टक्क्यांपर्यंत. ६०० युरो मिळाले तर ३५ टक्के म्हणजे २१० युरो त्यांचे, ३९० तुमचे. कोर्टात गेलं तर ३०० त्यांचे, ३०० तुमचे. स्वतः अर्ज केला तर पूर्ण ६००. आधी स्वतः अर्ज करून पाहावा, कंपनीने नकार दिला किंवा दोन महिने उत्तरच नाही दिलं, तरच अशा सेवेकडे जावं, असं आमचं मत.

आपल्या प्रवासाला हे कुठे लागू पडतं

नवी मुंबईतली आपली किती मुलं आज लंडन, बर्लिन, डब्लिनला शिकतात, नोकरी करतात. त्यांच्यासाठी साधा नियम असा. युरोपियन युनियन किंवा ब्रिटनमधून निघणारं कुठल्याही कंपनीचं विमान या कायद्यात येतं. तिकडे जाणारं विमान तिथल्या कंपनीचं असेल तरच येतं. म्हणजे मुलगी लंडनहून मुंबईला भारतीय कंपनीच्या विमानाने आली आणि चार तासांहून जास्त उशीर झाला, तर ५२० पौंडांचा दावा होऊ शकतो. तीच मुलगी त्याच कंपनीने मुंबईहून लंडनला गेली तर नाही. जर्मन कंपनीच्या विमानाने मुंबईहून फ्रँकफर्टला गेली तर दोन्ही बाजूंना हक्क आहे. जुन्या प्रवासाचीही चौकशी करा, इंग्लंडमध्ये असा दावा सहा वर्षांपर्यंत करता येतो.

उमरा आणि आखाताच्या प्रवासाचं काय? मुंबई-जेद्दा, मुंबई-दुबई या मार्गांवर युरोपचा कायदा चालत नाही. सौदी अरबने नोव्हेंबर २०२३ पासून प्रवासी हक्कांचे आपले नवे नियम लागू केले आहेत, परतीच्या प्रवासात त्रास झाला तर तिथल्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाकडेही तक्रार करता येते. शिवाय मॉन्ट्रियल करार आहे. भारत २००९ मध्ये त्यात सामील झाला, आखातातले देशही त्यात आहेत. या करारात उशिरामुळे झालेलं प्रत्यक्ष नुकसान मागता येतं, म्हणजे बुडालेलं हॉटेल, वरचा खर्च, ठरलेल्या मर्यादेपर्यंत. पण पावत्या लागतात आणि दोन वर्षांच्या आत दावा करावा लागतो.

उमराला जाणाऱ्यांसाठी आणखी एक कळकळीची सूचना. ग्रुपची तिकिटं टूरवाला काढतो आणि सगळ्यांच्या तिकिटावर स्वतःचाच मोबाईल नंबर टाकतो. विमान रद्द झाल्याचा मेसेज त्याला जातो, आपल्या अम्मी-अब्बांना नाही. आणि भारतीय नियमात स्पष्ट आहे की बुकिंगच्या वेळी प्रवाशाचा पुरेसा संपर्क दिलेला नसेल तर कंपनी भरपाई देण्यास बांधील नाही. म्हणून पैसे देतानाच सांगा, "भाई, तिकिटावर आमचा नंबर आणि ईमेल टाका."

मग भारतात अशी सेवा का नाही?

आमच्या मते दोन कारणं. एक, रक्कम लहान आहे. पाच-सात हजारांतून तिसरा हिस्सा घेऊन कुणाला कोर्टकचेरी परवडत नाही. दोन, आपल्याकडे १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६ प्रमाणे नुसता दावा लावण्याचा हक्क दुसऱ्याला विकता येत नाही, म्हणून युरोपातल्या काही कंपन्यांसारखं 'दावा आम्हाला विका, लगेच पैसे घ्या' हे इथे सरळ चालत नाही.

पण आपल्याकडे फुकटच्या सरकारी सोयी आहेत, आणि त्याही मोबाईलवर. क्रमाने जा.

१. पुरावा. रद्द झाल्याचा मेसेज, वेळेसकट, स्क्रीनशॉट घ्या. विमानतळावरच्या फलकाचा फोटो, तिकीट, बोर्डिंग पास, टॅक्सी-हॉटेलच्या पावत्या. चॅटबॉटशी झालेलं बोलणंही.

२. कंपनीला ईमेल. आधी ग्राहक सेवा, मग नोडल ऑफिसर, मग अपिलीय अधिकारी. हे पत्ते कंपनीच्या वेबसाइटवर असतात. चार ओळी पुरतात: 'माझा पीएनआर अमुक. तमुक तारखेचं विमान सुटण्याच्या दीड तास आधी रद्द केल्याचं कळवलं. डीजीसीएच्या नागरी विमान वाहतूक नियमावलीच्या विभाग ३, मालिका एम, भाग ४ प्रमाणे रिफंडव्यतिरिक्त भरपाई मिळावी. रद्द करण्याचं नेमकं कारण लेखी कळवावं.'

३. एअरसेवा. केंद्र सरकारचं हे पोर्टल आणि ॲप २०१६ पासून आहे. तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो आणि ती कंपनीच्या अधिकाऱ्याकडे जाते.

४. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. इथे मराठीतही बोलता येतं.

५. जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. वाशी, नेरुळ, कोपरखैरणेवाल्यांचा जिल्हा ठाणे. खारघर, तळोजा, पनवेल, उलवेवाल्यांचा रायगड. तिकिटाची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते.

एजंटकडून तिकीट काढलं असेल तर रिफंडची जबाबदारी तरीही विमान कंपनीचीच. आणि रिफंडऐवजी 'क्रेडिट' घ्यायचं की नाही, हे प्रवाशाने ठरवायचं, कंपनीने नाही.

नवी मुंबईकरांनी आता आणखी एक बघावं. २५ डिसेंबर २०२५ पासून आपल्या विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली. तिकिटावर मुंबईचा कोड बीओएम आणि नवी मुंबईचा एनएमआय. दुसरं विमान देताना कंपनी कोणत्या विमानतळाचं देते आहे, ते वाचूनच 'मान्य' दाबा.

मशीनवर डोळे मिटून विश्वास नको

ईमेल लिहायला एआयची मदत घ्यायला हरकत नाही, आम्हीही घेतो. पण ते मुंबई-नागपूरच्या विमानासाठी बेधडक ६०० युरोही मागायला सांगतं. अमेरिकेत 'डूनॉटपे' नावाची कंपनी स्वतःला जगातला पहिला रोबो वकील म्हणवत होती. दावा तपासून न पाहता केला म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली आणि तिला १,९३,००० डॉलर भरावे लागले.

उलटही घडतं. कॅनडात एका प्रवाशाची आजी वारली. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने त्याला सांगितलं, तिकीट काढा, शोकप्रसंगाची सवलत नंतर मागा. नंतर कंपनी म्हणाली, असा नियमच नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने निकाल दिला की चॅटबॉटचं बोलणं हे कंपनीचंच बोलणं, आणि सुमारे ८०० कॅनडियन डॉलर द्यायला लावले. त्या प्रवाशाकडे स्क्रीनशॉट होता.

आणि गुगलवर 'कस्टमर केअर नंबर' शोधून फोन करू नका. खोटे नंबर पेरलेले असतात. रिफंडसाठी ओटीपी, युपीआय पिन किंवा स्क्रीन शेअर कुणी मागितलं तर तो चोर समजा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा.

आणि सरांचं काय झालं?

सरांनी आधी नकारच दिला. म्हणाले, "मामूंच्या मय्यतीवरून पैसे मागायचे? मन मानत नाही." आम्ही म्हटलं, सर, हे मय्यतीचे पैसे नाहीत. तुमच्याशी करार झाला होता, तो दीड तास आधी मोडला, त्याची ही भरपाई आहे. जितका हक्क तितकंच मागा, खोटं एक अक्षर लिहू नका, बस.

कंपनीने पहिल्या उत्तरात कारण दिलं, खराब हवामान. सरांकडे पहिला मेसेज होता, त्यात 'कामकाजाच्या कारणास्तव' लिहिलं होतं. त्याच संध्याकाळी मुंबईहून लखनऊला दुसऱ्या कंपनीचं विमान गेल्याचा तपशीलही त्यांनी जोडला. एअरसेवावर तक्रार गेली. पाचव्या आठवड्यात ७,८६० रुपये जमा झाले. दहा हजार नाही, कारण मूळ भाडं आणि इंधन शुल्क मिळून तेवढेच होत होते.

त्या पैशांतून सरांनी सुट्टीत लखनऊची दोन रेल्वे तिकिटं काढली, स्वतःचं आणि अम्मीचं. भावाच्या कबरीवर फातिहा पढायचं अम्मीच्या मनात राहून गेलं होतं.